११० नंबरचा हिरवा ठिपका

इथले बरेच अनुभव मी वाचलेत, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलेही आहे. चिंचेखाली उभी राहणारी बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी डिप्लोमा केलेली, पंधरा-सोळा वर्षं सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळलेली बाई. दिवा लागला नाही तर आधी फ्यूज बघायचा, मग वायर, मग बटण. नारळ फोडायचा तो चटणीसाठी.

पण परवा जुन्या ऑफिसातल्या हेमंत पगारांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तो जुना सर्व्हर भंगारात चाललाय. त्यात ११० ची नोंद अजून आहे. काय करू?" मी म्हटलं, उद्या सांगते. रात्रभर तेच डोक्यात. म्हणून हे लिहितेय. कुणाला पटवायचं वगैरे नाही.

आधी आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझी आई देवळाली कॅम्पात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. वडील मी सहावीत असताना गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. लॅम रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं बैठं घर. तोफखान्याचा सराव चालू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, लांबून 'धुम्म' असा आवाज यायचा. नवा पाहुणा दचकायचा, आम्ही दोघी पोळ्या लाटत असायचो.

ज्यांनी ट्रंक कॉल केलेलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरगावी बोलायचं तर नंबर बुक करायचा आणि वाट बघायची. ऑपरेटर बाई बोर्डावर कॉर्ड खोचून लाइन जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की ती मधे यायची. तिने बोर्डावरचा खटका वर केला की लाइनीवर 'टक्' असं वाजायचं, आणि मग विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" कॅम्पातले जवान गावी फोन करायचे — कुणी पंजाबात, कुणी बिहारात, कुणी साताऱ्याकडे. एखादा बायकोशी बोलताना रडायला लागला की आईला मधे यायचं सुचायचंच नाही. घड्याळ बंद पडलं होतं म्हणायची. तिचं ते घड्याळ आठवड्यातून दोनदा तरी बंद पडायचं.

फक्त माझ्या वेळेला ते कधीच बंद पडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याला डिप्लोमाला होते, हॉस्टेलवर. आईची ड्यूटी दुपारी दोनला संपायची. ड्यूटी संपली की बोर्डावरच्या आपल्या सगळ्या कॉर्ड काढून बोर्ड मोकळा करायचा आणि मगच पुढच्या बाईंना खुर्ची द्यायची, ही तिथली शिस्त. ते झालं की ती बाहेर पब्लिकच्या बूथमध्ये येऊन, रीतसर बुक करून, दोन-दहाला आमच्या रेक्टरबाईंच्या नंबरवर फोन करायची. आठवड्यातून एकदा. तीन मिनिटं झाली की टक् व्हायचं आणि तिच्याच मैत्रिणीचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" आणि आई म्हणायची, "नको."

एकदा मला फार रडू येत होतं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते, मेसचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं, मला घरी यायचं होतं. मी रडत म्हटलं, "आई, अजून दोन मिनिटं." पलीकडे मैत्रीण थांबलेली. ती वाढवून द्यायला एका पायावर तयार होती, मला श्वास ऐकू येत होता तिचा. आई म्हणाली, "मंजू, बाहेर सात पोरं रांगेत उभी आहेत. घरच्यांसाठी लाइन अडवायची नाही. ठेव." आणि ठेवला.

मी पुढे शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, नाशकात गंगापूर रोडला संसार थाटला. पण ते 'ठेव' काही माझ्या मनातून गेलं नाही. जवानांसाठी घड्याळ बंद पडतं आणि पोटच्या पोरीसाठी पडत नाही, हे मला कधीच माफ करता आलं नाही. बोलून दाखवलं नाही कधी, पण माझ्या वागण्यात ते असायचं. मी तिच्याशी जरा कोरडीच वागायचे.

आता २००७ साल. मी सातपूर एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत होते. इंटरनेटवरून चालणारे फोन तेव्हा नवीन होते. ज्या कारखान्यांच्या दोन-तीन ठिकाणी शाखा असत — सातपूर, सिन्नर, ओझर — त्यांना आम्ही ते बसवून द्यायचो. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली पत्रा कापायचं प्रेस मशीन. दिवसभर खालून धाडधाड. एक सर्व्हर, पासष्ट-सत्तर फोन, आणि सगळं सांभाळायला मी आणि हेमंत पगार. हेमंत सटाण्याकडचे, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे. शांत माणूस.

गिऱ्हाइकांची कटकट अशी, की फोन बंद पडला की ते आम्हाला चार तासांनी कळायचं आणि तोवर शिव्या तयार असायच्या. म्हणून मी मॉनिटरिंग बसवायला घेतलं. कल्पना एकदम साधी असते. सर्व्हर दर मिनिटाला प्रत्येक फोनला विचारतो, "आहेस का?" फोन उत्तर देतो, "आहे." उत्तर आलं की स्क्रीनवर त्या फोनचा ठिपका हिरवा. नाही आलं की लाल, आणि मला नि आमच्या सरांना एसएमएस. भिंतीवर मोठा स्क्रीन लावला होता, त्यावर सगळे ठिपके. ते सगळे हिरवे दिसले की मला जेवल्यासारखं वाटायचं.

घरगुती कनेक्शनवर फोन कसा चालतो ते बघायला एक फोन बाहेर हवा होता. मी तो आईकडे बसवला. कंपनीने तिथे ब्रॉडबँड घेऊन दिलं. नंबर दिला ११०. आई रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती. फोन बघून म्हणाली, "ऑपरेटरच नाही? मग जोडून कोण देतं?"

"सर्व्हर."

"मग मधे येतं का कोणी?"

"कोणी येत नाही आई. दिवसभर बोललीस तरी."

"दिवसभर काय बोलायचंय," म्हणाली ती.

तरी रोज दुपारी दोन-दहाला तिचा फोन यायचा. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, शेजारच्या लाजवंती काकूंच्या सुनेला मुलगी झाली. मागे कधीकधी 'धुम्म' ऐकू यायचं, काचा किणकिणायच्या. आणि तीन मिनिटांनी, "चल, ठेवते." घड्याळ लावून. मी एकदा सर्व्हरची नोंद काढून बघितली. महिनाभरातला एकही कॉल एकशे ऐंशी सेकंदांच्या वर नव्हता. मला हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. आता कोण होतं रांगेत?

पण खरी भानगड वेगळीच होती. बोलून झालं की आई फोनची पिन भिंतीतून काढून ठेवायची. बोर्ड मोकळा करायचा ना! तीस वर्षांची सवय. म्हणजे दोन-दहाच्या जरा आधी ती पिन लावणार, ठिपका हिरवा. बोलून झालं की पिन काढणार, सव्वादोनला ठिपका लाल. लाल झाला की मला एसएमएस, सरांना एसएमएस. रोज. सर एकदा म्हणाले, "मंजूताई, तो एक फोन लिस्टमधून काढून टाका ना." काढता आला असता. दोन मिनिटांचं काम. पण ओझरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला डेमो द्यायचा होता, आणि 'बघा, थेट देवळालीच्या घरातला फोनसुद्धा आम्ही नजरेखाली ठेवतो' हे मला दाखवायचं होतं. माझा हट्ट.

त्या रविवारी मी देवळालीला गेले आणि आईला बोलले. बोलले म्हणजे काय, भांडलेच. म्हटलं, "तुझ्या त्या पिन काढायच्या सवयीपायी माझा सगळा बोर्ड घाण दिसतो. रोज सरांना मेसेज जातो. माझी अब्रू चाललीय तिथे. कितीदा सांगायचं तुला?"

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "काम नसताना लाइन धरून ठेवायची, हे मला कसंतरी वाटतं गं."

"ती तुझी लाइन नाहीये आई. तुझं एक्स्चेंज बंद झालं. सोड ना आता."

तिने उरलेली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "बरं. नाही काढणार."

आणि नाही काढली. त्या दिवसापासून ११० दिवसरात्र हिरवा. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी डेमो होता. ओझरहून तिघं आले होते. दीडला सुरू झाला. मीटिंगच्या खोलीतल्या प्रोजेक्टरवर मी तोच स्क्रीन दाखवत होते. हा तुमच्यासारखा कारखाना, हे सिन्नर, आणि हा इथला ११०. "हा माझ्या आईच्या घरचा, देवळाली कॅम्प. बघा, हिरवा आहे. म्हणजे काळजी नाही." असं मी म्हणाले. याच शब्दांत. माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता तेव्हा, मीटिंगच्या खोलीत तो ऐकू येत नाही.

पावणेतीनला टेबलाशी आले. ११० वरून आलेला कॉल, दोन-दहाचा, घेतला गेला नव्हता. मी मान वर करून स्क्रीनकडे बघितलं. ११० हिरवा. म्हटलं, ठीक आहे सगळं, संध्याकाळी करू. तिचा नियम होता, उचलला नाही तर दुसऱ्यांदा करायचा नाही. डेमो छान झाला होता, हेमंतनी सगळ्यांसाठी चहा नि कचोरी मागवली. मी कचोरी खाल्ली. आजही मला ती कचोरी आठवते.

साडेसहाला मोबाइल वाजला. लाजवंती काकू. "बेटा, जल्दी आ जा. तुझी मम्मी जमिनीवर पडली आहे. दरवाजा उघडत नव्हती म्हणून मी मागून आले. फोन खाली लटकलेला आहे..."

अर्धांगवायूचा झटका होता. मी पोचेपर्यंत काकूंनी तिला दवाखान्यात हलवलं होतं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, दुपारी दोन-सव्वादोनच्या सुमाराला झालं असावं. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, "तीन-साडेतीनपर्यंत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. एक शब्द न बोलता.

ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. बाकीच्यांना सांगते. रिसीव्हर लोंबकळत होता तरी फोनला वीज होती, इंटरनेट होतं. सर्व्हर दर मिनिटाला विचारत होता, "आहेस का?" आणि फोन सांगत होता, "आहे." आई खाली फरशीवर पडलेली, आणि तिच्या डोक्याच्या वर तो डबा चार तास सांगत होता, आहे, आहे, आहे. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

आणि याच्यापेक्षाही वाईट गोष्ट आहे. तिची जुनी सवय राहू दिली असती, तर सव्वादोनला ठिपका लाल व्हायला हवा होता. पावणेतीनलाही तो हिरवाच दिसला असता, तर त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं असतं, की आईने पिन काढली नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. तीस वर्षांत ती बोर्ड मोकळा करायला विसरली नव्हती. तिच्या बाबतीत खरं सांगणारी तेवढी एकच खूण होती, आणि ती मी स्वतः भांडून मोडली होती. स्वतःच्या हाताने.

दिवस-कार्य झालं. देवळालीचं घर रिकामं केलं, ब्रॉडबँड परत केलं. तो फोन मीच खोक्यात भरला, वायर गुंडाळून, आणि ऑफिसात आणून माझ्या मागच्या कपाटावर ठेवला. स्क्रीनवर ११० लाल. हेमंतनी हळूच विचारलं, "काढू का ताई, लिस्टमधून?" मी नको म्हटलं. एसएमएस तेवढे बंद केले. लाल तर लाल, राहू दे म्हटलं.

तीन आठवडे तो लाल होता.

मग एका मंगळवारी मी डबा खाऊन हात धुऊन आले आणि स्क्रीनकडे बघितलं. सगळे हिरवे. सगळे म्हणजे... सगळे. मला क्षणभर काय चुकतंय तेच कळेना. ११० हिरवा होता. घड्याळात दोन वाजून तेरा मिनिटं. मी बघत असतानाच तो लाल झाला.

मी घाबरले वगैरे नाही. उलट चिडले. कुणीतरी दुसऱ्या फोनला चुकून तोच नंबर दिला असणार. नोंद उघडली. उत्तर आलेलं होतं, दोन-दहाला, पुढची तीन मिनिटं, आणि इंटरनेटचा पत्ता देवळालीच्या घरचा. जे कनेक्शन आम्ही परत केलं होतं त्याचा. म्हटलं, ब्रॉडबँडवाल्यांनी तो पत्ता दुसऱ्या कुणाला दिला असेल, आणि... आणि काय? त्या माणसाकडे ११० चा पासवर्ड कुठून आला? मी पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक ठेवला, कुणाला सांगितला नाही.

बुधवारी दोन-दहाला हिरवा. तीन मिनिटं. लाल.

गुरुवारी मी हेमंतना बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "दोन-दहाला इथे उभे राहा." दोन-नऊला त्यांनी कपाटावरून खोका काढला, फोन हातात घेतला, वायर गुंडाळलेली. उलटासुलटा करून बघितला. आणि स्क्रीनवर ठिपका हिरवा झाला. हेमंत एरवी ऑफिसात एकदम पुस्तकी बोलायचे, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. "हाई काय शे, ताई?"

मी त्यांना नोंद उघडून दाखवली.

त्यांनी माझं सगळं तपासणं पुन्हा तपासलं. सर्व्हर बंद करून चालू केला. काही सापडलं नाही. शेवटी फोन खोक्यात परत ठेवला, दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यात ठेवतात तसा. म्हणाले, "ताई, तुम्ही लावून तर बघा ११० ला."

"कशाला?"

"ऑपरेटर स्वतःहून बोलत नाही. आपण नंबर मागायचा असतो. तुम्हीच सांगितलं होतं ना मागे, आईंचं."

शुक्रवारी मी लावला नाही. हिंमत झाली नाही. लोकांना वाटेल भुताची भीती. तसलं काही नव्हतं. मला भीती होती ती तिने उचलायची, आणि 'ठेव' म्हणायची.

शनिवार. एमआयडीसीची सुट्टी, खालचं प्रेस मशीन बंद. आमचं ऑफिस मात्र चालू असायचं. हेमंत बाहेरच्या खोलीत बसले आणि मधलं दार ओढून घेतलं. दोन-दहाला ११० हिरवा झाला. मी रिसीव्हर उचलला आणि एक, एक, शून्य दाबलं.

दोन रिंग गेल्या. मग कुणीतरी उचलला.

आवाज नव्हता. पण बंद फोनचा मुकेपणाही नव्हता. उघड्या लाइनीला एक आवाज असतो, रिकाम्या खोलीसारखा. ज्यांनी फोनची कामं केलीत त्यांना तो कळतो. मी "आई" म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. आणि मग खूप लांबून, पलीकडून — 'धुम्म'. पाठोपाठ काचांची किणकिण.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. कचोरीचं सांगितलं. स्क्रीनकडे बघून हिरवा आहे म्हणाले ते सांगितलं. म्हटलं, आई, तू पिन काढत होतीस तेच बरोबर होतं. मी तुला ओरडायला नको होतं. तू फोन केलास आणि मी उचलला नाही. तू खाली पडून वाट बघत होतीस का गं? कळत होतं का तुला? मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते, अर्धे शब्द तोंडातच राहत होते, आणि डोळे मात्र भिंतीवरच्या घड्याळावर. दोन मिनिटं. अडीच. मला ठाऊक होतं काय होणार ते. मी भरभर बोलायला लागले.

बरोबर तीन मिनिटांना लाइनीवर वाजलं. टक्.

हा आवाज आमच्या सर्व्हरमध्ये नाहीच. खटका नाही, कॉर्ड नाही, बोर्ड नाही... वाजणार कुठून? पण मी तो लहानपणापासून ऐकलेला आहे, त्यात माझी चूक होणार नाही. टक् झालं आणि कोणीतरी थांबलं. विचारलं काही नाही. नुसतं थांबलं.

मी म्हटलं, "आई, अजून दोन मिनिटं."

आणि लाइन तुटली नाही.

मी बोलत राहिले. खरं तर पुढे बोलण्यासारखं फारसं नव्हतंच. धुळ्याच्या हॉस्टेलचं बोलले. की त्या दिवशी तू ठेवलास ते मी इतकी वर्षं मनात धरून बसले. की आता मला कळतंय, फोन ठेवून तू बूथमध्ये किती वेळ उभी राहिली असशील. मग नुसती रडले. मग नुसती ऐकत बसले, पलीकडची ती रिकामी खोली. घड्याळाकडे बघायचं मी सोडून दिलं होतं.

मग पुन्हा टक् झालं. आणि लाइन बंद. स्क्रीनवर ११० लाल.

त्यानंतर तो कधीही हिरवा झाला नाही. मी पुढे चार वर्षं त्या ऑफिसात होते, रोज दोन-दहाला मान वर व्हायची. एकदाही नाही.

बऱ्याच वेळाने हेमंत आत आले. पाण्याचा ग्लास ठेवला, खुर्ची ओढली आणि कॉलची नोंद उघडून बघितली. त्यांना रडणाऱ्या बाईशी काय बोलावं ते सुचत नसावं, म्हणून आकडा वाचला. "तीनशे साठ सेकंद, ताई. बरोबर तीनशे साठ."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पलीकडचा 'धुम्म' खालच्या प्रेसचा म्हणावा तर प्रेस बंद होतं. नोंद चुकली म्हणावी तर ती दोघांनी पाहिली. मला भास झाला म्हणाल तर म्हणा, मी भांडणार नाही. आयुष्यात एकदा भांडून जिंकले, तेवढं पुरे झालं.

काल मी हेमंतना फोन केला. म्हटलं, "काढून टाका ११०. बोर्ड मोकळा करा." ते बरं म्हणाले. मग विचारलं, "ताई, एक विचारायचं राहिलं होतं इतकी वर्षं. तुम्ही आईंकडे दोनच मिनिटं मागितली होती ना? दाराशी मला तेवढं ऐकू आलं होतं. मग तीन कशी मिळाली?"

मी त्यांना सांगितलं. ट्रंक कॉल वाढवला की पुरी तीन मिनिटं वाढवून मिळायची. तशीच पद्धत होती.